मेपल सिरप : निवड, पारख आणि अनुपानाचा प्रश्न

कॅनडा वा अमेरिकेत स्थायिक झालेले आप्त मायदेशी येताना हल्ली मेपल सिरपची बाटली भेट म्हणून आणतात. ती वैद्यांपर्यंतही पोहोचते आणि तिच्या पाठोपाठ दोन प्रश्न येतात : हे अस्सल आहे का, आणि मधाऐवजी औषधाबरोबर चालेल का? दुसऱ्या प्रश्नाला घाईने दिलेले उत्तर मधुमेही रुग्णास अपायकारक ठरू शकते. म्हणून या द्रव्याचा परिचय वैद्य व औषधविक्रेते या दोघांनाही असणे इष्ट आहे.

द्रव्यपरिचय

मेपल वृक्षाच्या, मुख्यतः एसर सॅकरम या जातीच्या, खोडातील रस आटवून हे सिरप करतात. उत्तर अमेरिकेच्या ईशान्येकडील मूलनिवासींना युरोपीय लोक येण्यापूर्वीपासून हा रस ठाऊक होता. हिवाळा सरताना रात्री पाणी गोठते व दिवसा बर्फ वितळते. त्या थोड्या आठवड्यांत खोडास छिद्र पाडून रस गोळा करतात. त्यात साखर जेमतेम २ टक्के असते. सुमारे ४० लिटर रस आटवावा तेव्हा १ लिटर सिरप हाती येते. त्यात शर्करांश ६६ टक्क्यांच्या आसपास असतो. जगातील बहुतांश उत्पादन कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात होते. अमेरिकेत व्हरमाँट राज्य अग्रेसर आहे. इतका रस व इंधन खर्ची पडत असल्याने अस्सल सिरप स्वस्त मिळत नाही.

अस्सलाची पारख

वेष्टनावरील पानाचे चित्र हा पुरावा नव्हे. घटकद्रव्यांत केवळ मेपल सिरप हे एकच नाव असावे. ‘पॅनकेक सिरप’ किंवा ‘मेपल फ्लेवर्ड’ असे लिहिलेले पदार्थ बहुधा मक्याच्या साखरेचा पाक, कॅरॅमल रंग व कृत्रिम गंध यांचे मिश्रण असतात. दाटपणावरही जाऊ नये. अस्सल सिरप मधापेक्षा पातळ असते.

गंधाची साक्षही अपुरी आहे. मेपलच्या गंधाशी निगडित असलेले सोटोलोन हे द्रव्य आपल्या मेथीत असते व मेथीचा अर्क कृत्रिम मेपल गंधासाठी वापरतात. न्यूयॉर्क शहरात अधूनमधून पसरणाऱ्या मेपलसदृश वासाचा उगम २००९ मध्ये न्यू जर्सीतील मेथी-प्रक्रियेत सापडला होता! नवजात शिशूच्या मूत्रास असा वास आल्यास मातेने मेथी खाल्ली असेल, असे मानून थांबू नये. ‘मेपल सिरप युरिन डिसीज’ हा आनुवंशिक विकार जीवघेणा ठरू शकतो. बालरोगतज्ज्ञांकडून तातडीने रक्ततपासणी करवावी.

श्रेणी

आता ‘ग्रेड ए’ अंतर्गत सोनेरी, अंबर, गडद व अतिगडद असे चार वर्ग आहेत. हा भेद रंग व चवीचा आहे, शुद्धतेचा नव्हे. हंगामाच्या आरंभीचे सिरप सामान्यतः फिके व सौम्य, अखेरचे गडद व तीव्र चवीचे असते. प्रथमच चाखणाऱ्यास अंबर द्यावे. पाककृतींसाठी गडद उत्तम.

अनुपान म्हणून?

मधात मुख्यतः फ्रुक्टोज व ग्लुकोज असतात, मेपल सिरपमध्ये मुख्यतः सुक्रोज. शास्त्रकारांनी मध रूक्ष, कषाय अनुरसाचा व योगवाही सांगितला असून त्यास उष्णता वर्ज्य मानली आहे. मेपल सिरप तर अग्नीवर आटवूनच सिद्ध होते. संहितांत त्याचा उल्लेख नाही. निर्मितीच्या रीतीने ते फाणिताच्या, म्हणजे काकवीच्या, जवळचे आहे. त्यामुळे ते मधुर, गुरू व कफवर्धक असावे, असे अनुमान काढता येते. मात्र मधाचे गुण त्यास बहाल करता येत नाहीत. जेथे मधाचे अनुपान सांगितले आहे तेथे हा पर्याय देऊ नये. चरकांनी गुळाच्या विकारांना प्रमेहाच्या हेतूंत स्थान दिले आहे, याचेही स्मरण ठेवावे. एका मोठ्या चमच्यात सुमारे १२ ग्रॅम साखर असते. ‘नैसर्गिक’ या शब्दाने ती कमी होत नाही.

भेट देताना

विमानप्रवासात १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली हातातील सामानात चालत नाही. ती नीट गुंडाळून चेक-इन सामानात ठेवावी. उघडल्यावर बाटली शीतकपाटात ठेवावी, अन्यथा बुरशी येते. विक्रेत्यांनी हे सिरप औषधांच्या फळीवर न ठेवता खाद्यपदार्थांत ठेवावे. मधुमेही स्नेह्यास मात्र दुसरी भेट निवडणे हेच हिताचे.