खुल्या आराखड्याचे गणित



एखादे उपकरण कोणत्या भागांचे आहे आणि ते भाग कसे जोडले आहेत, हे त्याच्या कर्त्याने जाहीर केले आणि ‘हवे त्याने बनवावे, हवा तो बदल करावा’ अशी मुभा दिली, तर त्याला खुल्या आराखड्याचे उपकरण म्हणतात. इटलीतील इव्ह्रेआ येथे 2005 साली जन्मलेला ‘अर्दुइनो’ हा छोटा संगणक-फलक तुम्ही विज्ञान प्रदर्शनात पाहिला असेल. त्याचा आराखडा असा खुला आहे. मग फलक फुकट का मिळत नाही? कारण आज्ञावलीची दुसरी प्रत काढायला जवळजवळ काहीच लागत नाही. फलकाच्या प्रत्येक प्रतीला मात्र नवे तांबे, नवी चिप आणि नवे श्रम लागतात. म्हणून कर्त्यापुढे नेहमी एकच कोडे असते : कोणती सोय ठेवावी आणि कोणती वगळावी?

मुंबईच्या आय.आय.टी.ने नियंत्रणशास्त्र शिकवण्यासाठी बनवलेली ‘सिंगल बोर्ड हीटर सिस्टिम’ पाहा. धातूची एक पट्टी, ती तापवायला नायक्रोमच्या तारेचे वेटोळे, थंड करायला संगणकातला पंखा, एक तापमान-संवेदक आणि एक चिप, एवढाच तिचा संसार. मोठ्या टाक्या, नळ आणि झडपा वगळल्या. पण तापमान मोजून उष्णता कमी-जास्त करण्याचा मुख्य धडा शाबूत राहिला. शिवाय हे संच इंटरनेटला जोडले, म्हणजे एकाच संचावर दूरदूरचे विद्यार्थी प्रयोग करू शकतात.

आता हे गणित आपल्या गावात करू या. नाशिकच्या गंगापूर रोडने धरणाकडे जाताना द्राक्षबागा लागतात. कडाक्याच्या थंडीत द्राक्षमणी तडकतात. पहाटे पारा किती उतरला हे वेळीच कळले, तर बागेत शेकोट्या पेटवता येतात, पाणी देता येते. यासाठी स्वस्त तापमापक कसा करावा?

‘एल.एम. 35’ हा स्वस्त संवेदक दर अंश सेल्सिअसला 10 मिलिव्होल्ट देतो. अर्दुइनो उनोची चिप 5 व्होल्टचे 1024 भाग पाडते. एक भाग झाला सुमारे 4.9 मिलिव्होल्ट, म्हणजे जवळजवळ अर्धा अंश. याहून बारीक मोजायचे, तर महाग चिप घ्यावी का? गरज नाही. त्याच चिपमध्ये 1.1 व्होल्टचा अंतर्गत संदर्भ आहे. तो वापरला की एक भाग सुमारे 1.07 मिलिव्होल्टचा होतो, पायरी 0.1 अंशावर येते. मात्र 1.1 व्होल्टपेक्षा मोठे विभव आता मोजता येत नाही. शिवाय हा 1.1 आकडा चिपगणिक थोडा बदलतो, म्हणून चांगल्या तापमापकाशी एकदा ताडून पाहावे लागते. पैसे वाचले, मेहनत वाढली.

पण खरी अडचण वेगळीच आहे. साध्या जोडणीत ‘एल.एम. 35’ 2 अंशांखाली मोजत नाही, आणि निफाड तालुक्यात पारा त्याहूनही खाली गेल्याच्या नोंदी आहेत! म्हणजे ज्या पहाटे तापमापक सर्वांत जास्त हवा, त्याच पहाटे तो निरुपयोगी. येथे उणे 55 अंशांपर्यंत मोजणारा ‘डी.एस. 18 बी 20’ घ्यावा. त्यासाठी थोडे जास्त पैसे मोजणे योग्यच.

ते पैसे दुसरीकडे वाचवता येतात. उनो फलक स्वस्थ बसला तरी सुमारे 50 मिलिअँपिअर विद्युतधारा घेतो. 2000 मिलिअँपिअर-तासांची बॅटरी 40 तासांत संपते. आराखडा उघडून पाहा. संगणकाशी बोलणारी दुसरी चिप आणि सतत जळणारा दिवा यांचे बागेत काय काम? मुख्य चिप, तिचा स्फटिक आणि दोन-चार किरकोळ भाग घेतले, आणि दोन मोजण्यांमधल्या वेळात चिप ‘झोपवली’, तर तेवढ्या वेळात तिला काही मायक्रोअँपिअरच पुरतात. खर्च घटला आणि बॅटरी हंगामभर टिकण्याची शक्यता आली. गैरसोय एकच : आज्ञावली बदलायची, तर चिप काढून दुसऱ्या फलकावर न्यावी लागते.

आराखडा बंद असता, तर काय काढता येईल हे आपल्याला कळलेच नसते. खुलेपणाचा लाभ हा आहे.

करून पाहा : तुमच्या शाळेतील फलकावरील प्रत्येक भागासमोर तीन रकाने आखा : काम काय, किंमत किती, विद्युतधारा किती. मग तुमच्या प्रयोगासाठी कोणता भाग खोडता येईल, हे वर्गात कारणासह मांडा.