प्रश्नोत्तराचे सदर आणि तारुण्याची भाषा : ‘स्त्री-धर्म’ व ‘समाजस्वास्थ्य’

तारुण्यातील शरीरविषयक शंका वडीलधाऱ्यांपुढे कोणत्या शब्दांत मांडाव्यात, हा पेच जितका सामाजिक तितकाच वाङ्मयीन आहे. ज्या विषयाला घरात शब्द नाही, त्याला नियतकालिकाने शब्द द्यायचा तर बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण हे आधी ठरावे लागते. दोन महायुद्धांच्या दरम्यान मद्रास (आजचे चेन्नई) आणि मुंबई येथे हे दोन भिन्न रीतींनी ठरलेले दिसते.

मद्रासच्या अड्यार भागात १९१७ साली स्थापन झालेल्या विमेन्स इंडियन असोसिएशनचे ‘स्त्री-धर्म’ हे मुखपत्र प्रामुख्याने इंग्रजीत निघे. जोडीला देशी भाषांतील मजकूर असे. पुढे त्याचे संपादन करणाऱ्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी या स्वतः वैद्यक व्यवसायातील. मुलामुलींचे विवाहाचे वय वाढवावे यासाठी त्यांनी मद्रास विधिमंडळातही आग्रह धरला. साहजिकच या लेखनाचा स्वर निवेदनाचा आणि आवाहनाचा आहे. त्यात मुलीविषयी बोलले जाते. बोलते ती सुशिक्षित, जाणती स्त्री, आणि ऐकणारे पालक व शासन.

रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात (जुलै १९२७ ते नोव्हेंबर १९५३) हा क्रम उलटतो. तेथे वाचक विचारतो आणि संपादक उत्तर देतो. मराठीत वडिलांशी बोलताना नाते आणि आदरार्थी रूपे टाळता येत नाहीत. संकोच व्याकरणातच मुरलेला असतो. संपादकाला लिहिलेल्या पत्राने तो सैल केला. कर्वे गणिताचे प्राध्यापक होते, आणि त्यांची उत्तरे तशीच आटोपशीर असतात. त्यांत उपदेश जवळजवळ नाही, धीर मात्र आहे. (मुखपृष्ठावरील नग्न चित्रांमुळे हे मासिक दिवाणखान्यात ठेवणे अनेकांना जड गेले असणार, हेही मान्य केले पाहिजे.)

हस्तमैथुन व समलिंगी आकर्षण यांसंबंधीच्या अशाच प्रश्नोत्तरांवरून कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली मुंबई उच्च न्यायालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. निकाल विरुद्ध गेला. प्रश्न वाचकाचा होता, दोषी ठरला तो उत्तर देणारा. म्हणजे न्यायालयापुढे एका मजकुराइतकाच एक वाङ्मयप्रकारही उभा होता : वाचकाने खुलेपणाने विचारावे आणि त्याला छापील उत्तर मिळावे, हा प्रकार.

तथापि एक उणीव नोंदवली पाहिजे. याच मासिकातील ‘शारदेची पत्रे’ स्त्रीच्या नावाने येत, परंतु लेखणी कर्वे यांचीच होती. मद्रासच्या पत्रात स्त्रीचा स्वर खरा होता, पण तो तरुण मुलीचा नव्हता. मुंबईच्या पत्रातील शारदा मोकळेपणाने बोलते, पण ती उसन्या स्वरात.