यंत्राची घरघर

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातील आमच्या जुन्या घरात दुपारचे दोन ते चार हे तास पूर्वापार विश्रांतीचे. माझ्या पुतण्याने माडीवरच्या खोलीत इलेक्ट्रॉनिक दुरुस्तीचे काम सुरू केले आणि ह्या शांततेला तडा गेला. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांमधून नादुरुस्त कंट्रोल कार्डे आणावयाची, ती दुरुस्त करून परत द्यावयाची, असा त्याचा व्यवसाय. त्यासाठी त्याने स्वस्तातला एक पॉवर सप्लाय विकत घेतला होता. शून्यापासून तीस व्होल्टपर्यंत हवा तो दाब देणारी ही पेटी टेबलावर ठेवून बटण दाबले, की तिच्या पाठीमागचा इवलासा पंखा असा काही आक्रोश करी, की खालच्या मजल्यावर वहिनींचा डोळा लागत नसे.

“भाऊजी,” त्या एकदा मला म्हणाल्या, “घरात पिठाची गिरणी बसवली असती, तर निदान पीठ तरी मिळाले असते!”

एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत माझी तीस वर्षे अशाच उपकरणांच्या संगतीत गेलेली. साहजिकच निवाडा माझ्याकडे आला. मी पेटीवरून हात फिरवला, पुतण्याला त्याच्या कामाचे स्वरूप विचारले आणि मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो, “पाच व्होल्टांचे तर हलके काम तुझे. आमच्या वेळच्या उपकरणांना पंखाच नसे. काढून टाक त्याची वायर.”

त्याने ती काढली. घर शांत झाले. वहिनींनी मला त्या दिवशी आवर्जून साखरभात वाढला.

पुढे दोन-अडीच महिन्यांनी, गणपतीच्या आदल्या आठवड्यात, एका कारखान्याचे महागडे कार्ड तो दीर्घकाळ चालवून तपासत होता. अचानक जळका वास आला आणि कार्डावरून धुराची रेघ निघाली. पॉवर सप्लाय बिघडला होता; परंतु बिघडताना त्याने दाब देणे थांबवले नव्हते, तर आतला चाळीस व्होल्टांचा सगळा दाब पाच व्होल्टांच्या कार्डावर सोडून दिला होता. कार्ड गेले. त्याची भरपाई पुतण्याला स्वतःच्या खिशातून करावी लागली.

त्या रात्री आम्ही दोघांनी ती पेटी उघडली. खरे म्हणजे हे काम मी सल्ला देण्यापूर्वीच करावयास हवे होते.

आत पाहिले आणि माझी चूक एका दृष्टिक्षेपात कळली. अशा पेटीत चाळीस व्होल्टांतून पाच व्होल्ट काढावयाचे, तर उरलेले पस्तीस व्होल्ट एका ट्रान्झिस्टरला स्वतःच्या अंगावर झेलावे लागतात. कार्ड दोन अँपिअर प्रवाह घेत असेल, तर कार्डाच्या वाट्याला दहा वॉट येतात आणि ट्रान्झिस्टरवर सत्तर वॉटांची उष्णता निर्माण होते. तीच पेटी तीस व्होल्टांवर दोन अँपिअर देत असती, तर ट्रान्झिस्टरवर वीसच वॉट पडले असते. म्हणजे ज्याला मी ‘हलके काम’ म्हटले, तेच ह्या यंत्राला सर्वांत जड होते. हा हिशेब मी विद्यार्थ्यांना फळ्यावर अनेकदा करून दाखवला होता. घरी मात्र तो आठवला नाही!

चांगल्या बनावटीच्या उपकरणात ह्यावर उपाय योजलेला असतो. कमी दाब हवा असला, की आतला रिले ‘टक्’ असा आवाज करून ट्रान्सफॉर्मरच्या कमी दाबाच्या वेटोळ्यावर जातो आणि ट्रान्झिस्टरचा भार हलका होतो. आमच्या पेटीत तो रिले नव्हता. माझ्या काळच्या उपकरणांच्या पाठीवर अ‍ॅल्युमिनियमचे वीतभर उंचीचे पंखदार हीट सिंक असत. इथे काडेपेटीहून थोडा मोठा तुकडा होता. तापमान वाढताच वीज तोडणारा स्विच नव्हता. ह्या सर्व उणिवांची जबाबदारी त्या एका चिमुकल्या पंख्यावर टाकलेली होती, आणि नेमका तोच मी बंद करविला होता.

पंखा एवढा ओरडत का होता, तेही मग उमगले. लहान पंख्याला पुरेशी हवा ढकलायची, तर फार वेगाने फिरावे लागते. एकाच घडणीच्या दोन पंख्यांपैकी एकाचा व्यास दुप्पट असेल, तर तो एक-अष्टमांश वेगानेही तेवढीच हवा वाहतो. आणि आवाज वेगाबरोबर झपाट्याने चढतो: वेग दुप्पट झाला, की आवाज सुमारे पंधरा डेसिबलने वाढतो, दहा डेसिबलची वाढच कानाला दुप्पट वाटते. त्यात सात पात्यांचा पंखा मिनिटाला ४२०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ४९० वेळा एखादे पाते जाळीच्या पट्टीसमोरून जाते, आणि त्याचाच तो टोचणारा सूर होतो. पत्र्यालाच रुंद पट्ट्या ठेवून जाळी कापलेली असली आणि ती पात्यांना अगदी खेटून असली, तर हा सूर अधिक तीक्ष्ण होतो. वर पंखा पत्र्यावर रबराशिवाय घट्ट आवळलेला असला, तर अख्खी पेटीच तबल्यासारखी घुमते.

उष्णतेचा दुसरा बळी म्हणजे आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. ह्या लहानशा डब्यांमध्ये द्रव असतो आणि तो उष्णतेने हळूहळू सुकतो. तापमान दहा अंशांनी उतरले तर त्यांचे आयुष्य साधारणतः दुप्पट होते, असा तंत्रज्ञांचा ठोकताळा आहे. डब्यावर ८५ अंश छापले आहे की १०५, आणि तो डबा गरम हीट सिंकला चिकटून बसवला आहे की दूर, एवढ्यावरूनही बनवणाऱ्याची वृत्ती ओळखता येते.

ह्या वृत्तीचा एक नमुना मला विसरता येत नाही. अमेरिकेत पोर्टलंड येथे १९४६ साली स्थापन झालेल्या टेक्ट्रॉनिक्स कंपनीचा निर्वात नलिकांचा एक जुना ऑसिलोस्कोप आमच्या प्रयोगशाळेत होता. शेकडो वॉट खाणारे ते धूड. त्यालाही पंखा होता, परंतु तो मोठा आणि धीरगंभीर, आणि हवेच्या वाटेवर धुऊन पुन्हा बसवता येणारी गाळणी. आत चिनी मातीच्या पट्ट्यांच्या खाचांत भाग ओळीने डाखलेले. त्या खाचांना चांदीचा लेप असे; नेहमीच्या डाखाने तो लेप हळूहळू निघून येई, म्हणून चांदी मिसळलेला डाख वापरावा लागे. अशा डाखाचे एक छोटे रीळ कंपनीने पेटीच्या आतच अडकवून ठेवलेले असे. पुढे कधी तरी, कुठल्या तरी दूरच्या गावी, कोणी अनोळखी माणूस हे झाकण उघडील, त्याची अडचण होऊ नये, हा त्यामागचा विचार!

ज्या वाचकांच्या घरी असे उपकरण, इन्व्हर्टर किंवा मुलांचा संगणक असेल, त्यांना एवढेच सांगावेसे वाटते. पंख्याचा आवाज एकाएकी वाढला, तर आधी गाळणी व जाळीतली धूळ पाहावी. खरखर येत असेल, तर बेअरिंग झिजले असे समजावे आणि पंखा बदलून घ्यावा. पंखा हळू करावयाचा, तर आतली उष्णता मोजल्याशिवाय करू नये. नवीन वस्तू घेताना दुकानात ती पूर्ण भारावर अर्धा तास चालवून मागावी आणि मागून येणाऱ्या वाऱ्यावर हात धरावा. झाकण मात्र जाणकारानेच उघडावे. वीज बंद केल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये धक्का देण्याइतका साठा राहू शकतो.

आम्ही त्या पेटीला मोठा हीट सिंक, तापमानाप्रमाणे वेग बदलणारा मोठा पंखा, उष्णता वाढताच तोडणारा स्विच आणि दाब मर्यादेबाहेर जाताच वीज रोखणारे संरक्षण बसवले. वाया गेलेल्या कार्डाचे पैसे मी पुतण्यापुढे ठेवले, तेव्हा त्याने ते परत सरकवले.

“काका, सल्ला तुमचा असला, तरी स्क्रूड्रायव्हर माझ्याच हातात होता.”

त्या कारखान्याने नंतर चार महिने एकही काम पाठवले नाही. परवा एक कार्ड आले. माडीवर पंखा मंद फिरत होता आणि खाली वहिनी झोपल्या होत्या. मी मात्र जिन्यात उभा राहून तो आवाज नीट चालू आहे ना, ते ऐकत होतो.