व्यवहार्यता अभ्यासाची निविदा : दर कसा काढावा?

आपल्या जांबोटी, कणकुंबी, खानापूर भागातील बरीच मुलेमुली आज सिव्हिल इंजिनिअर, सर्वेक्षक किंवा पर्यावरण अभ्यासक म्हणून बेळगाव, पुणे, गोव्यात काम करतात. त्यांतील काहींना स्वतःचे सल्लागार कार्यालय काढायचे असते. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. गावात जीप लावून मोजमापे घेणारी माणसे नेमके काय करतात, असा प्रश्न पडणाऱ्या घरच्या मंडळींनीही तो वाचावा.

पूल, रस्ता, बंधारा किंवा पाणी योजना करण्याजोगी आहे का, परवडेल का आणि तिथेच करावी का, याचा आधी घेतलेला शोध म्हणजे व्यवहार्यता अभ्यास. त्याचे उत्तर ‘हो’ आले तर पुढे सविस्तर प्रकल्प अहवाल, म्हणजे डीपीआर तयार होतो. डीपीआर हा शब्द आपल्याकडे कळसा-भांडुरामुळे घरोघरी पोचला. म्हादई जलतंटा लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये या दोन योजनांसाठी मिळून ३.९ टीएमसी पाणी दिले आणि डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय जल आयोगाने सुधारित डीपीआर मान्य केला. तरी जंगलाचा प्रश्न आणि गोव्याची हरकत राहिलीच. नकाशावरची रेघ सोपी असते. ती कुठून जाते आणि कुणाचे काय नेते, हे आधीच्या अभ्यासात नीट पाहिलेले असावे लागते.

सरकारी खाते असा अभ्यास करून घेण्यासाठी निविदा काढते. कर्नाटकात हे काम १९९९ च्या पारदर्शक खरेदी कायद्याखाली आणि राज्याच्या ई-खरेदी संकेतस्थळावरून चालते. निविदेत कामाची व्याप्ती दिलेली असते. ती दोनदा वाचावी आणि दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घ्यावी. ‘आवश्यक त्या सर्व चाचण्या’ असे मोघम वाक्य दिसले की तिथे खूण करावी, कारण तोट्याची सुरुवात बहुधा तिथूनच होते. किती बोअर घ्यायचे, किती खोल, वनखात्याची परवानगी कोण आणणार, हे निविदापूर्व बैठकीच्या आधी लेखी विचारावे. उत्तर सर्व बोलीदारांना मिळते, म्हणून विचारायला संकोच नको.

आता दराकडे वळू. सल्लागाराच्या कामात मुख्य खर्च माणसांच्या दिवसांचा असतो, आणि नवीन मंडळी इथेच फसतात. समजा एका इंजिनिअरला महिना ८०,००० रुपये पगार आहे. तीसने भागून दिवसाचे २,७०० रुपये होतात असे वाटते. पण वर्षाच्या ३६५ दिवसांतून शनिवार-रविवारचे १०४ दिवस आणि सण-रजेचे ३७ दिवस गेले की २२४ उरतात. त्यातले काही दिवस न मिळालेल्या निविदा लिहिण्यात आणि दोन कामांमधल्या रिकाम्या वेळेत जातात. गिऱ्हाइकाला लावता येतील असे १६० दिवस उरले तर वर्षाचा ९,६०,००० रुपये पगार त्यांवरच वाटावा लागतो. म्हणजे दिवसाला ६,००० रुपये. कार्यालयाचे भाडे, संगणक, विमा यांसाठी निम्मे धरले तर ९,००० आणि दहा टक्के नफा धरून ९,९०० रुपये. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत. हिशेबाची रीत मात्र हीच. यावर गाडी, मुक्काम, ड्रोन, बोअर, प्रयोगशाळा, छपाई हे खर्च वेगळे येतात आणि जीएसटी त्याहून वेगळा दाखवावा.

आपल्या भागापुरत्या दोन गोष्टी दरात धराव्याच लागतात. पहिली पाऊस. फेब्रुवारीत येऊन गेलेल्या सर्वेक्षकाला मलप्रभा गुडघाभर दिसते. हब्बनहट्टीचा मारुती पावसाळ्यात पाण्याखाली जातो, हे त्याला कोणी सांगितले तर कळणार. पुलाची उंची ठरवायची तर जुलै-ऑगस्टची एक फेरी हवीच, आणि त्या फेरीत चार दिवस नुसते लॉजमध्ये बसून काढावे लागतील हेही गृहीत धरावे. भीमगड अभयारण्याच्या बाजूचे काम असेल तर परवानगीच्या वाटेत जाणारे दिवसही मोजावेत. दुसरी गोष्ट भाषा. अहवाल इंग्रजीत, खात्याची पत्रे कन्नडमध्ये आणि गावकऱ्यांशी बोलणे मराठीत. दोन्ही भाषा जाणणारा माणूस आणि भाषांतर यांचा खर्च लावला नाही, तर गावच्या बैठकीचा वृत्तांत दोन ओळींत आटोपतो.

जांबोटीचा पेढा चाखून घेता येतो, पण अभ्यास आधी चाखता येत नाही. म्हणून सल्लागार निवडताना बऱ्याचदा गुणवत्ता आणि किंमत दोन्ही मोजतात. तांत्रिक लखोटा आधी उघडतात, आर्थिक नंतर. समजा एका बोलीदाराला तांत्रिक गुण ९० आणि त्याची किंमत ३० लाख. दुसऱ्याला ७६ आणि किंमत २४ लाख. सर्वांत कमी किमतीला १०० गुण मिळतात, म्हणून पहिल्याला किमतीचे ८०. भार ७०:३० असेल तर पहिल्याचे ८७ आणि दुसऱ्याचे ८३.२ होतात; काम पहिल्याला. तोच भार ५०:५० केला की पहिल्याचे ८५, दुसऱ्याचे ८८. दोन्ही बोली त्याच राहिल्या, तरी काम दुसऱ्याकडे गेले. म्हणून दर ठरवण्याआधी निविदेतला भार पाहावा. निव्वळ कमीत कमी किमतीवर काम देणारी निविदा असेल तर ती भरायचीच का, याचाही विचार करावा. स्वस्त बोलीत छपाईचा खर्च सहसा कमी होत नाही, शेतातले दिवस कमी होतात. मग पावसाळ्याची फेरी सुटते आणि जुनीच आकडेवारी नव्या मुखपृष्ठाखाली येते. ते गावाला पुढे वर्षानुवर्षे भोगावे लागते.

आपले शुल्क प्रकल्पाच्या खर्चाच्या टक्केवारीत मागू नये, असे माझे मत आहे. प्रकल्प जितका मोठा तितके शुल्क जास्त, अशी रचना असली की ‘हे करू नका’ असे लिहिताना हात अडखळतो. ठरावीक रक्कम मागितली की ‘नाही’ हे उत्तरही मोकळेपणाने देता येते.

पैसे टप्प्याटप्प्याने मिळतात आणि शेवटचा हप्ता अंतिम अहवाल मंजूर झाल्यावर येतो. मंजुरी लांबली तर पगार मात्र दर महिन्याला द्यावेच लागतात. हातात किती महिन्यांचे पैसे आहेत ते पाहून बोली लावावी आणि उचल घ्यावी लागणार असेल तर तिचे व्याजही खर्चात धरावे.

डिजिटल सही चालते की नाही ते आधीच तपासून ठेवावे आणि बोली शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी चढवावी. शेवटच्या तासात जांबोटीत बसून चढवायचा विचार असेल तर त्यापेक्षा सकाळच्या बसने बेळगाव गाठलेले बरे.