खडतर ठिकाणचा भत्ता : कशाचा, कोणाला आणि किती?

आजचा विषय वाचून काही जणांच्या मनात आलंच असेल, की संयुक्त राष्ट्रांच्या बड्या अधिकाऱ्यांच्या भत्त्यांशी बोईसर-पालघरकरांचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो तारापूरपासूनच सुरू होतो.

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या सहकार्याने उभ्या राहिल्या आणि 1969 मध्ये सुरू झाल्या. त्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या देखरेखीखाली आहेत. या संस्थेचं मुख्यालय व्हिएन्नाला. तिथून येणारे निरीक्षक हे कोणत्याही एका देशाचे नोकर नसतात. ते आंतरराष्ट्रीय नागरी सेवक. त्यांचे पगार संयुक्त राष्ट्रांच्या सामाईक वेतनपद्धतीने ठरतात.

आता प्रश्न असा, की असा निरीक्षक तारापूरला आला तर त्याला खडतर ठिकाणचा भत्ता मिळतो का? नाही मिळत. कारण तो दौऱ्यावर आलेला असतो, त्याला दैनिक भत्ता मिळतो. खडतर भत्ता हा तिथे नेमणूक झालेल्या, साधारण एक वर्ष किंवा त्याहून जास्त काळ राहणाऱ्या माणसासाठी असतो. हा फरक आधी लक्षात घेऊ. येऊन जाणं वेगळं आणि राहणं वेगळं.

आता पगाराची रचना पाहू. संयुक्त राष्ट्रांत वरच्या वर्गाचा मूळ पगार जगभर एकाच तक्त्याने ठरतो. त्यामागचं तत्त्व राष्ट्रसंघाच्या काळातलं, 1920 च्या दशकातलं आहे. जगात ज्या देशाची सरकारी नोकरी सर्वांत चांगला पगार देते, तिच्याशी तुलना करायची. म्हणजे कोणत्याही देशातली लायक माणसं यायला तयार होतील. सध्या ही तुलना अमेरिकेच्या केंद्रीय सरकारी नोकरीशी होते. त्यावर ठिकाणागणिक बदलणारी महागाईची भर पडते. आपल्याकडे घरभाडे भत्ता शहराच्या वर्गाप्रमाणे बदलतो, साधारण तसंच.

खडतरपणाचा हिशेब याहून अगदी वेगळा ठेवलेला आहे. आंतरराष्ट्रीय नागरी सेवा आयोग नावाची संस्था प्रत्येक ठिकाणाला वर्ग देते. मुख्यालयं आणि तशा सोयींची शहरं ‘एच’ वर्गात, बाकीची ‘ए’ पासून ‘ई’ पर्यंत चढत्या खडतरपणाने. सुरक्षा, आरोग्यसेवा, हवामान, एकाकीपणा, घरं, शाळा, रोजच्या गरजेच्या वस्तू असं सगळं तपासलं जातं. तिथे राहणाऱ्या कर्मचाऱ्यांकडून प्रश्नावली भरून घेतात, आणि ठराविक काळाने पुन्हा तपासणी होते. दवाखाना सुधारला, रस्ता झाला की वर्ग बदलू शकतो आणि भत्ता कमी होतो. कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी त्याचा भत्ता निराळा, जिवाला धोका असेल तर तोही निराळा.

दोन गोष्टी मात्र खटकतात. पहिली म्हणजे, भत्ता हुद्द्याप्रमाणे वाढतो. कनिष्ठ, मधले आणि संचालक व त्यावरचे असे तीन गट आहेत. ऊन तेच, डास तेच, पण साहेबाचा त्रास महाग! आपल्याकडेही असंच आहे बरं का. सातव्या वेतन आयोगानंतर 2017 मध्ये सियाचिनचा भत्ता जवानांसाठी महिना 30,000 रुपये आणि अधिकाऱ्यांसाठी 42,500 रुपये झाला. थंडी काही हुद्दा पाहत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. त्याच कार्यालयातला स्थानिक ड्रायव्हर किंवा कारकून खडतर भत्त्याला पात्र नसतो. युक्तिवाद असा, की तो मूळचा तिथलाच आहे, त्याला कोणी तिथे पाठवलेलं नाही. धोक्याचा भत्ता मात्र स्थानिकांनाही मिळतो, कारण गोळी कोण कुठला ते विचारत नाही.

आता हीच फूटपट्टी घेऊन आपल्या जिल्ह्यात येऊ. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून वेगळा झालेला पालघर. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा हे अनुसूचित क्षेत्रातले तालुके. अशा भागांसाठी राज्य सरकारचा 6 ऑगस्ट 2002 चा शासन निर्णय आहे. त्यात दोन गोष्टी आहेत. एक, मूळ वेतनाच्या 15 टक्के प्रोत्साहन भत्ता, पण किमान 200 आणि कमाल 1,500 रुपये. दुसरी, एकस्तर वेतनश्रेणी. म्हणजे त्या भागात आहात तोवर वरच्या पदाचं वेतन. बदली झाली की पुन्हा मूळ पदाचं.

1,500 रुपयांची ती मर्यादा धरून हिशेब करून बघा. 15 टक्के म्हणजे 1,500, तर मूळ वेतन झालं 10,000. सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात राज्यातल्या सर्वांत खालच्या श्रेणीची सुरुवातच 15,000 पासून होते. मग शिपाई असो की 56,100 पासून सुरू होणारा डॉक्टर, दोघेही मर्यादेलाच टेकतात. डॉक्टरच्या बाबतीत ते मूळ वेतनाच्या पावणेतीन टक्क्यांच्या आसपास भरतं. टक्केवारी नावालाच उरते. एकस्तरचा फायदा खरा आहे, पण तोही हुद्द्याशी बांधलेला आहे. दवाखाना घाटात आहे की हायवेवर, याच्याशी नाही.

इथे प्रश्न फक्त पैशांचा नाही. 1992-93 मध्ये जव्हारच्या वावर-वांगणी भागातले बालमृत्यू देशभर गाजले. अशा ठिकाणी डॉक्टर टिकतो की नाही, यावर बाळाचं जगणं अवलंबून असतं. आणि डॉक्टरला काय हवं असतं? राहायला घर, मुलांना शाळा, रात्री-अपरात्री सोबत, आणि ठरल्या वेळी बदली होईल याची खात्री. संयुक्त राष्ट्रांच्या तपासणीत यातल्या बऱ्याच गोष्टी मोजल्या जातात. आपण पाडा आणि तालुक्याचं गाव एकाच मापाने मोजतो.

म्हणून आमचं म्हणणं असं, की त्यांच्याकडून घ्यायचीच असेल तर भत्त्याची रक्कम नको, मोजण्याची पद्धत घ्या. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला, प्रत्येक आश्रमशाळेला वर्ग द्या, तिथे राहणाऱ्यांना विचारून द्या, आणि तो जाहीर करा. कारण भत्ता बाहेरून आलेल्या माणसाला मिळतो, पण वर्ग गावाला मिळतो. ‘आमचं गाव ई वर्गात का?’ हे मोखाड्याच्या बाईने ग्रामसभेत विचारलं पाहिजे. तिला कोणीच खडतर भत्ता देणार नाही. तिला हवं आहे ते गावाचा वर्ग सुधारणं.

तेव्हा पुढच्या वेळी कोणाच्या भत्त्याची बातमी वाचली, की आपण तीन प्रश्न विचारू. ठिकाण कोणी मोजलं? पुन्हा कधी मोजणार? आणि तिथेच जन्मलेल्यांच्या वाट्याला त्या मोजणीतून काय आलं? आता तुमचे प्रश्न घेऊ.