माणसं कमी, तरी माळढोक संपतोय

लोकसंख्या आणि निसर्ग म्हटलं की आपण गर्दीच्या शहरांबद्दल बोलतो. आज उलट्या टोकाला, जैसलमेरला जाऊ. २०११च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यात चौरस किलोमीटरमागे फक्त १७ माणसं. देशाची सरासरी ३८२. तरीही तिथला माळढोक संपत चालला आहे. देशभरात दीडशेच्या आसपास उरले असतील. (सोलापूरजवळ नान्नजला त्याच्या नावाचं अभयारण्य आहे, पक्षी मात्र दिसेनासाच झालाय.)

१९५१ साली आपण ३६ कोटी होतो, २०११ला १२१ कोटी. धान्य हवं, म्हणून इंदिरा गांधी कालव्याचं पाणी थरच्या वाळवंटात आलं आणि कुरणांची शेतं झाली. पुढे वीज हवी, म्हणून पवनचक्क्या, सौर पॅनेल आणि उच्चदाबाच्या तारा आल्या. सरकारी नोंदीत माळ म्हणजे बहुतेकदा 'पडीक', त्यामुळे अडवणार कोण?

माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. समोरची तार उशिरा दिसते, आणि पंधरा किलोपर्यंत भरणारा नर ऐनवेळी वळू शकत नाही. मादी साधारण वर्षाला एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. फौजी भाषेत सांगायचं तर राखीव कुमकच नाही.

२०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने तारा जमिनीखाली घ्यायला सांगितलं. २०२४ मध्ये तो आदेश सैल झाला. कोळसा कमी जाळायचा तर ही वीज लागणार, हे मलाही पटतं. पण ती जाते दूरच्या शहरांतल्या तुमच्या-माझ्या एसीला. सम आणि रामदेवरा इथल्या केंद्रांत आता पिल्लं वाढवतात. त्यांना सोडायला बिनतारेचा माळ हवा.