मेमरी संपत आल्याचं अ‍ॅपला कधी सांगावं?

गैरसमज : रॅम जितकी मोकळी, तितका फोन वेगवान.
वस्तुस्थिती अशी की मोकळी पडून राहिलेली रॅम कुणाच्याच कामाची नसते. नुकत्याच वाचलेल्या फायली आणि मागे ठेवलेली अ‍ॅप्स पुन्हा स्टोरेजमधून आणावी लागू नयेत म्हणून सिस्टीम ती मुद्दाम भरून ठेवते आणि गरज पडली की त्यातली बरीचशी जागा सोडवून घेते. ‘रॅम क्लीनर’ने सगळं बंद केलं, की तीच अ‍ॅप्स पहिल्यापासून उघडण्यात वेळ आणि बॅटरी जाते. म्हणून ‘किती टक्के मोकळी’ या आकड्यावरून टंचाई ठरवता येत नाही. लातूरकरांना हे वेगळं सांगायला नको : धरणातल्या साठ्याच्या टक्केवारीपेक्षा नळाला किती दिवसांनी पाणी येतं, यावरून टंचाई कळते. अँड्रॉइड ज्यावर उभं आहे त्या लिनक्सच्या डिसेंबर २०१८ मधल्या ४.२० आवृत्तीत आलेली ‘प्रेशर स्टॉल इन्फर्मेशन’ ही सोय हेच मोजते. मेमरीपायी कामं किती वेळ खोळंबली, ते सांगते. अँड्रॉइडनेही पुढे हेच माप स्वीकारलं.

गैरसमज : मेमरी संपली की अ‍ॅपला तसं कळतंच.
लिनक्स मेमरीची मागणी सहसा लगेच मंजूर करतं. खरी जागा मात्र अ‍ॅप तिथे काही लिहायला लागतं तेव्हाच देतं. त्या क्षणी कुठूनच जागा निघाली नाही, तर एखादा प्रोग्राम निवडून थेट मारला जातो आणि त्याला काहीही जपून ठेवायला सवड मिळत नाही. अँड्रॉइड त्या टोकाला जायच्या आधीच मागची अ‍ॅप्स बंद करू लागतं. ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीसारखं काम घ्या. नांदेड-लातूरकडच्या सोयाबीनच्या रानात शेतकरी गट नंबर, पीक, क्षेत्र भरतो आणि फोटोसाठी कॅमेरा उघडतो. अशा कुठल्याही अ‍ॅपमध्ये कॅमेरा पुढे आला की फॉर्म मागे जातो. फोन २ जीबीचा असेल, तर त्याच वेळी मागच्या अ‍ॅपचा बळी जाऊ शकतो, आणि भरलेलं आधी जपलेलं नसेल तर परतल्यावर फॉर्म कोरा. म्हणून सूचना टप्प्याटप्प्याने हवी : आधी पुन्हा आणता येण्याजोगी चित्रं सोडायला सांगावं, मग अर्धवट काम जपायला, आणि बंद करणं सगळ्यात शेवटी.

गैरसमज : सूचना देऊन उपयोग नाही, अधिक रॅम हाच उपाय.
या आक्षेपात तथ्य आहे. आपण जागा सोडली आणि ती दुसऱ्यानेच बळकावली, तर सोडायची कशाला, असं प्रत्येक अ‍ॅपला वाटणार. शिवाय झोपलेल्या अ‍ॅपला जागं करून ‘आवर’ म्हणायलाही मेमरी लागते. अँड्रॉइडमध्ये २०११ पासून अशा पायऱ्यापायऱ्यांच्या सूचना होत्या. २०२३ च्या अँड्रॉइड १४ पासून त्यातल्या बहुतेक पाठवणं थांबलं. पण रॅम वाढली की अ‍ॅप्सही फुगतात, त्यामुळे टंचाई पुढे ढकलली जाते, मिटत नाही. आक्षेपातून निघतं ते इतकंच की सूचना सरसकट नको. सोडण्यासारखं ज्याच्याकडे खूप आहे त्याला, खोळंबा सुरू होताच ती मिळावी. ऐकणारा अधिक काळ टिकावा, न ऐकणारा आधी बंद व्हावा. आणि सूचना पोहोचेलच याची हमी नसल्याने फॉर्म मागे जाताक्षणी भरलेलं जपून ठेवणं, हे अ‍ॅप लिहिणाऱ्याचं काम उरतंच.